अमेरिकेत हेल्थ इन्शुरन्स स्वतः विकत घेताना: दर, सबसिडी आणि चारशे टक्क्यांची कडा

दिवाळीचा फराळ संपत आलेला असतो, डब्याच्या तळाशी चकलीचे तुकडे तेवढे उरलेले असतात, आणि नेमकं त्याच सुमाराला इन्शुरन्स कंपनीचं जाड पाकीट टपालात येऊन पडतं. पुढच्या वर्षीचा हप्ता किती, ते त्यात लिहिलेलं असतं. २०२५ च्या दिवाळीनंतर ते पाकीट उघडून आमच्या एडिसनमधल्या एका मैत्रिणीने मला फोन केला. "अगं, बातम्यांत तर दर वीस-पंचवीस टक्के वाढले म्हणतायत. आमचा हप्ता दुपटीच्या वर कसा गेला?"

प्रश्न अगदी रास्त होता. याचं उत्तर कळलं की मार्केटप्लेसचं, म्हणजे स्वतः इन्शुरन्स विकत घ्यायच्या सरकारी दुकानाचं, अर्धं कोडं सुटतं: कंपनीचा दर वेगळा आणि तुमच्या खिशातून जाणारा हप्ता वेगळा. मधला फरक सरकार भरतं, तीच सबसिडी. २०२५ अखेर सरकारने आपला वाटा कमी केला, त्यामुळे दर चतकोर वाढूनही हप्ता दुप्पट झाला. केएफएफ या आरोग्यधोरणावर काम करणाऱ्या संस्थेचा अंदाज होता की सबसिडी मिळणाऱ्या माणसाचा सरासरी वार्षिक हप्ता ८८८ डॉलरवरून १,९०४ डॉलरवर जाईल.

मी ब्रोकर नाही, वकील नाही. नवऱ्याची नोकरी गेल्यावर आम्ही न्यू जर्सीच्या मार्केटप्लेसवर आलो, चुका केल्या, पैसे भरले आणि शिकलो. अमेरिकेत नव्याने आलेल्या, किंवा नोकरीतला इन्शुरन्स पहिल्यांदाच सुटलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. यातले आकडे २०२६ च्या प्लॅनचे आहेत.

आधी बघा, हे तुमच्यासाठी आहे का

नोकरीतून बरा इन्शुरन्स मिळत असेल तर मार्केटप्लेसकडे फिरकायचं कारण नाही. तिथे सबसिडी मिळणारच नाही. अपवाद एकच, आणि तो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. नोकरीतल्या सर्वांत स्वस्त प्लॅनसाठी तुमच्या पगारातून कापली जाणारी रक्कम घरच्या एकूण उत्पन्नाच्या ९.९६ टक्क्यांहून जास्त असेल, तर मार्केटप्लेसवर सबसिडी मिळू शकते. २०२३ पासून हा हिशेब कर्मचाऱ्याचा वेगळा आणि कुटुंबाचा वेगळा होतो. लहान कंपन्या कर्मचाऱ्याचा हप्ता भरतात आणि बायको-मुलांचा सगळा भार त्याच्यावर टाकतात. अशा घरात नवरा कंपनीच्या प्लॅनवर आणि बायको-मुलं मार्केटप्लेसवर, अशी वाटणी बसू शकते.

बाकी गिऱ्हाईक म्हणजे स्वतःचा धंदा करणारे, कंत्राटावर काम करणारे, पासष्टीच्या आत निवृत्त झालेले, लेऑफ झालेले, आणि ग्रीन कार्डवर आलेले आईवडील. आईवडिलांबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

दुकान कोणतं, तेही आधी बघून घ्या. ओबामांच्या २०१० च्या कायद्याने ही बाजारपेठ आणली आणि १ जानेवारी २०१४ पासून तिथले प्लॅन सुरू झाले. काही राज्यांचं स्वतःचं दुकान आहे: कॅलिफोर्नियात कव्हर्ड कॅलिफोर्निया, न्यू जर्सीत गेट कव्हर्ड एनजे, पेनसिल्व्हेनियात पेनी, न्यूयॉर्कमध्ये न्यूयॉर्क स्टेट ऑफ हेल्थ. टेक्सासचं स्वतःचं नाही. तिथले लोक केंद्र सरकारच्या हेल्थकेअर डॉट गव्हवर जातात. गूगलवर शोधलंत तर सर्वांत वर येणाऱ्या जाहिराती बहुतेक वेळा दलालांच्या असतात. तिथे फोन नंबर टाकलात की पुढचे दोन महिने फोन थांबत नाहीत. म्हणून राज्याच्या सरकारी संकेतस्थळावरूनच आत शिरा.

दर कशावर ठरतो

भारतात पॉलिसी घेताना मधुमेह, रक्तदाब, मागची ऑपरेशनं विचारतात. इथे मार्केटप्लेसवर हे विचारायला बंदी आहे. कॅन्सरमधून उठलेल्या माणसाला आणि मॅरेथॉन धावणाऱ्याला त्याच वयात, त्याच भागात, त्याच प्लॅनला एकच दर. बाई आणि पुरुष असाही भेद नाही.

भेद होतो तो वयावर. एकवीस वर्षांच्या तरुणाच्या दराच्या जास्तीत जास्त तिप्पट दर चौसष्ट आणि त्यापुढच्या वयाला लावता येतो. दुसरा भेद राहण्याच्या ठिकाणाचा. कॅलिफोर्नियाचे १९ विभाग आहेत आणि एकट्या लॉस एंजेलिस काउंटीचे दोन तुकडे, त्यामुळे घर बदललं की दर बदलतो. न्यू जर्सी मात्र सगळी मिळून एकच विभाग. जर्सी सिटीतला आणि चेरी हिलमधला दर सारखा. तिसरा भेद तंबाखूचा. बऱ्याच राज्यांत तंबाखू वापरणाऱ्याला दीडपटीपर्यंत दर लावता येतो. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियात तो लावता येत नाही. आणि न्यूयॉर्कची तऱ्हाच वेगळी: तिथे वयही बघत नाहीत. पंचविशीतल्याला महाग पडतं, साठीतल्याला परवडतं.

मुलं जास्त असतील तर एकवीस वर्षांखालच्या पहिल्या तीन मुलांचाच हप्ता धरतात, चौथं फुकट. आपल्यात हा फायदा कोणाला होणार म्हणा.

दर दरवर्षी उन्हाळ्यात कंपन्या राज्याच्या नियामकाकडे मांडतात आणि शरद ऋतूपर्यंत ते पक्के होतात. २०२६ साठी कव्हर्ड कॅलिफोर्नियाने सरासरी १०.३ टक्के वाढ जाहीर केली. देशभरात बेंचमार्क प्लॅनचे (ज्यावर सबसिडी मोजतात त्या प्लॅनचे) दर सरासरी २६ टक्क्यांनी चढले. रुग्णालयांचे वाढते दर, महागडी औषधं ही कारणं होतीच. त्यात आणखी एक: सबसिडी घटली की धडधाकट माणसं इन्शुरन्स सोडून जातील आणि मागे आजारीच उरतील, हे कंपन्यांनी आधीच हिशेबात धरलं होतं. एटना तर २०२६ पासून या बाजारातून बाहेरच पडली.

सबसिडीचं गणित कागदावर मांडा

इथे घाई करू नका. कागद-पेन घेऊन बसा.

तुमच्या भागात, तुमच्या वयाला जे सिल्व्हर प्लॅन मिळतात (या धातूंच्या नावांचा अर्थ पुढे येतो) ते स्वस्तापासून महागापर्यंत लावले की खालून दुसरा जो येतो, तो बेंचमार्क. सरकार म्हणतं, तुमच्या उत्पन्नाच्या अमुक टक्के तुम्ही भरा, बेंचमार्कच्या किमतीतला उरलेला भाग आम्ही देतो. ती रक्कम म्हणजे तुमची सबसिडी. कागदोपत्री तिचं नाव प्रीमियम टॅक्स क्रेडिट. ती घेऊन तुम्ही बेंचमार्कच घेतला पाहिजे असं नाही. ब्रॉन्झ घ्या, गोल्ड घ्या, रक्कम तीच राहते.

"अमुक टक्के" म्हणजे किती, ते दारिद्र्यरेषेच्या किती पट तुमचं उत्पन्न आहे त्यावर ठरतं. २०२६ च्या प्लॅनसाठी २०२५ ची रेषा धरतात: एकट्या माणसाला १५,६५० डॉलर आणि पुढे घरातल्या प्रत्येक माणसामागे ५,५०० डॉलर. म्हणजे दोघांना २१,१५०, तिघांना २६,६५०, चौघांना ३२,१५०. अगदी खालच्या उत्पन्नाला वाटा २.१० टक्के. दुप्पट उत्पन्नाला ६.६० टक्के, अडीचपटीला ८.४४, आणि तिपटीपासून चौपटीपर्यंत सरसकट ९.९६ टक्के.

चौपटीच्या एक डॉलर पुढे गेलात की सबसिडी शून्य. हीच ती कडा. २०२१ ते २०२५ या पाच वर्षांत ती नव्हती. कोविडच्या काळातल्या कायद्याने ती काढून कितीही उत्पन्नाला ८.५ टक्क्यांची मर्यादा घातली होती. २०२२ च्या कायद्याने ती सवलत २०२५ अखेरपर्यंत वाढवली आणि तिथेच ती संपली. याच मुद्द्यावरून वॉशिंग्टनमध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ सरकारी कामकाज ठप्प होतं.

कडा म्हणजे काय हे आकड्यांशिवाय अंगावर येत नाही. साठीचं एक जोडपं घ्या. मुलं मार्गी लागलेली, काका थोडं कन्सल्टिंग करतात. त्यांच्या भागात दोघांचा मिळून बेंचमार्क महिना २,१०० डॉलर, म्हणजे वर्षाला २५,२०० आहे असं समजू. दोघांसाठी चौपट म्हणजे ८४,६००.

वर्षाचं उत्पन्न ८४,००० निघालं तर त्यांचा वाटा ९.९६ टक्के: वर्षाला ८,३६६ डॉलर, महिन्याला ६९७. बाकीचे १६,८३४ सरकारचे. आता डिसेंबरमध्ये काकांना एक छोटं काम मिळालं आणि उत्पन्न ८४,७०० झालं. वरच्या सातशे डॉलरपायी १६,८३४ डॉलर गेले. ते काम फुकट केलं असतं तरी परवडलं असतं!

याच उदाहरणात दरवाढ घालून बघा. बेंचमार्क २,१०० चा २,४०० झाला. कडेच्या आत असलेलं जोडपं बेंचमार्क प्लॅनला तेच ६९७ भरतं, वाढीव तीनशे सरकारवर जातात. कडेबाहेरच्याला मात्र पूर्ण २,४००. म्हणून "दर इतके टक्के वाढले" ही बातमी वाचून आधी स्वतःला विचारायचं, मी कडेच्या आत की बाहेर? आत असाल तर तुमचा हप्ता उत्पन्नाला बांधलेला आहे, दराला नव्हे.

उलटंही घडतं, आणि ते जास्त चकवतं. समजा तुमचा प्लॅन ५०० डॉलरचा आहे आणि तोच बेंचमार्क आहे. पुढच्या वर्षी नवी कंपनी आली, तिने ४३० आणि ४४० चे दोन सिल्व्हर प्लॅन आणले. बेंचमार्क आता ४४०. तुमच्या प्लॅनचा दर एक पैसाही वाढला नाही, पण सबसिडी साठ डॉलरने घटली आणि हप्ता तेवढाच वाढला. जुना प्लॅन आपोआप पुढे चालू ठेवणाऱ्यांना ही चपराक जानेवारीत बसते. दरवर्षी नव्याने बघा, डॉक्टर बदलायचा नसला तरी बघा.

उत्पन्नाचा अंदाज: इथे आम्ही आपटलो

फॉर्ममध्ये चालू वर्षाचं नव्हे, ज्या वर्षाचा इन्शुरन्स घेताय त्या वर्षाचं उत्पन्न विचारतात. म्हणजे नोव्हेंबरमध्ये बसून पुढच्या डिसेंबरपर्यंतचं भविष्य सांगायचं. ते सांगितल्यावर सबसिडी दरमहा परस्पर कंपनीला जाते आणि खरा हिशेब कर भरताना होतो.

२०२३ साठी आम्ही तिघांच्या घराचं उत्पन्न ८०,००० सांगितलं. नवऱ्याचं कन्सल्टिंग, माझी अर्धवेळ नोकरी, संपलं. पुढच्या मार्चमध्ये टॅक्स भरायला बसलो तेव्हा सीपीए, म्हणजे आमचा कर भरून देणाऱ्या हिशेबनीस बाईंनी सहज विचारलं, "इंडियातलं काय?" पुण्याच्या फ्लॅटचं भाडं आणि बँकेतल्या एफडीचं व्याज धरून आकडा निघाला ९२,०००. दोन हजारांच्या वर सबसिडी परत करावी लागली. चूक सर्वस्वी आमची.

तर हे वहीत लिहून ठेवा: अमेरिकेत कर भरणाऱ्या रहिवाशाचं जगभरातलं उत्पन्न मोजलं जातं. एनआरई खात्यातलं व्याज भारतात करमुक्त असेल, इथे नाही. भाडं, शेअर विकून झालेला नफा, बेकारी भत्ता, सगळं यात येतं. परदेशात कमावलेला पगार इथल्या करातून वगळला असला तरी या हिशेबात तो परत मिळवतात. भेट म्हणून आलेले पैसे आणि कर्ज मात्र यात येत नाहीत.

तेव्हा आम्ही दोन हजारांवर सुटलो. शिवाय चौपटीच्या आतल्यांना परतफेडीवर वरची मर्यादाही होती. २०२५ च्या जुलैमधल्या कायद्याने ती काढून टाकली. २०२६ च्या वर्षासाठी जास्त घेतलेली सबसिडी पूर्णच्या पूर्ण परत करायची. वरच्या काकांनी वर्षभर दरमहा सबसिडी घेतली आणि डिसेंबरात ते कडेवरून पडले, तर एप्रिलमध्ये जवळपास सतरा हजारांचं बिल.

उपाय आहेत. वर्षाच्या मध्यात उत्पन्न वाढलं-घटलं की लगेच मार्केटप्लेसवर जाऊन बदला, वर्षअखेरची वाट बघू नका. आकडा हातात नसेल तर सबसिडी दरमहा कमी घ्या आणि उरलेली कर भरताना एकरकमी घ्या. तशी सोय आहे. आणि कडेच्या जवळ असाल तर निवृत्तीच्या खात्यांनी उत्पन्न खाली आणता येतं. पारंपरिक आयआरएमध्ये (स्वतः उघडायच्या निवृत्तीच्या खात्यात) भरलेले पैसे, एचएसएतले (औषधोपचारासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातले) पैसे, नोकरी असेल तर ४०१-के, धंदा असेल तर सेप आयआरए. यातलं आयआरए, सेप आयआरए आणि एचएसए पुढच्या वर्षीच्या १५ एप्रिलपर्यंत भरता येतं, म्हणजे पाय घसरल्यावरही हात देणारी ही एकच गोष्ट. आयआरएची मर्यादा २०२६ साठी माणशी ७,५०० डॉलर, पन्नाशीपुढे थोडी जास्त. एचएसएची एकट्याला ४,४००, कुटुंबाला ८,७५०, पण त्यासाठी एचएसएला पात्र ठरणारा प्लॅन असावा लागतो. २०२६ पासून मार्केटप्लेसवरचे सगळे ब्रॉन्झ प्लॅन त्यात बसतात, ही नव्या कायद्यातली खरोखर उपयोगाची गोष्ट.

आणखी एक: नवरा-बायको असाल तर कर एकत्र भरल्याशिवाय सबसिडी नाही. थोडे अपवाद आहेत, पण "आपण वेगवेगळं भरू" ही युक्ती इथे चालत नाही.

धातू निवडताना

ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम ही नावं डॉक्टरांचा दर्जा सांगत नाहीत. सरासरी खर्चातला किती भाग कंपनी उचलेल, तेवढंच सांगतात: साधारण ६०, ७०, ८०, ९० टक्के. उरलेला तुमचा, डिडक्टिबल (कंपनी द्यायला लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम) आणि कोपेच्या (दर भेटीला भरायच्या ठरावीक रकमेच्या) रूपाने. वर्षभरात कितीही झालं तरी नेटवर्कमधल्या (कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांच्या) खर्चासाठी एका माणसाला १०,६०० डॉलरच्या वर भरावं लागत नाही, कुटुंबाला २१,२००. भारतातल्या "पाच लाखांचं कव्हर" यासारखी वरची टोपी कंपनीच्या बाजूला नाही. टोपी तुमच्या बाजूला आहे. ही उलटी रचना डोक्यात बसायला मला वर्ष लागलं.

उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीच्या आत असेल तर डोळे झाकून सिल्व्हर बघा. तिथे दुसरी, वेगळी सवलत मिळते, जी फक्त सिल्व्हरवर आहे: दीडपटीपर्यंत तो प्लॅन ७० ऐवजी ९४ टक्क्यांचा होतो, दुपटीपर्यंत ८७ चा, अडीचपटीपर्यंत ७३ चा. नव्वदवर गेलेला सिल्व्हर सोडून हप्ता शून्य आहे म्हणून ब्रॉन्झ घेतलेली माणसं मी बघितली आहेत. एका इमर्जन्सी रूमच्या फेरीत सगळी बचत उडते.

अडीचपटीच्या वर असाल तर सिल्व्हर बहुधा सर्वांत वाईट सौदा. त्याला एक गोष्ट आहे. वरच्या सवलतीचे पैसे सरकार कंपन्यांना देत असे. २०१७ च्या ऑक्टोबरात ट्रम्प सरकारने ते थांबवले. सवलत तर द्यावीच लागते, मग कंपन्यांनी तो खर्च सिल्व्हरच्या दरात घुसवला. सिल्व्हर फुगलं, त्यावर बांधलेली सबसिडीही फुगली, आणि ती फुगलेली सबसिडी ब्रॉन्झ किंवा गोल्डवर लावली की ते स्वस्त पडायला लागलं. काही भागांत गोल्ड सिल्व्हरपेक्षा स्वस्त दिसतं, ती संकेतस्थळाची चूक नाही.

राज्य कोणतं, यावर बरंच काही

केंद्राची सबसिडी सगळीकडे सारख्याच नियमाने. त्यावर राज्याची भर पडते किंवा पडत नाही. न्यू जर्सीची स्वतःची वेगळी सबसिडी आहे. न्यू मेक्सिकोने केंद्राची गेलेली सबसिडी राज्याच्या पैशातून भरून काढायचं ठरवलं. वॉशिंग्टन राज्यात अडीचपटीपर्यंत वेगळी मदत मिळते. टेक्सासमध्ये काहीच नाही.

टेक्सासचं दुसरंही दुखणं आहे. बहुतेक राज्यांत दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंतच्या माणसाला मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स, मिळतं. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जियाने तो विस्तार केलेला नाही. तिथे रेषेच्या खालच्या बहुतेक धडधाकट प्रौढांना मेडिकेडही नाही आणि सबसिडीही नाही, कारण सबसिडी रेषेपासून वर सुरू होते. मुलांसाठी मात्र सगळीकडे वेगळी, सैल मर्यादा आहे. न्यू जर्सी फॅमिलीकेअरमध्ये, म्हणजे इथल्या मेडिकेडमध्ये, मुलांना रेषेच्या ३५५ टक्क्यांपर्यंत घेतात, म्हणून आई-बाप मार्केटप्लेसवर आणि मुलगा फॅमिलीकेअरवर हे इथे नेहमीचं आहे.

इन्शुरन्स न घेतल्याचा केंद्राचा दंड २०१९ पासून शून्य आहे. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि वॉशिंग्टन डीसी इथे मात्र राज्याच्या करात दंड लागतो. टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला बदलून येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

आईवडील आणि व्हिसा

आता तो गोंधळ.

आईवडील टुरिस्ट व्हिसावर सहा महिने राहायला आले असतील तर मार्केटप्लेस त्यांच्यासाठी नाही, कारण ते राज्याचे रहिवासी नाहीत. त्यांच्यासाठी व्हिजिटर इन्शुरन्स. तो वेगळा धंदा आहे आणि त्यात जुन्या आजारांवरच्या अटी बारीक अक्षरात असतात.

ग्रीन कार्डवर आले असतील तर पहिल्या दिवसापासून मार्केटप्लेसवर घेता येतं, पाच वर्षं थांबायचं नाही. देशात राहायला आल्यापासून साठ दिवसांची खिडकी मिळते. थांबायचं असतं ते बहुतेक राज्यांत मेडिकेडसाठी, आणि मेडिकेअरसाठी, म्हणजे पासष्टीपुढच्यांच्या सरकारी इन्शुरन्ससाठी. इथे कधीच नोकरी न केलेल्या पालकांना सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर हप्ता भरून मेडिकेअर घेता येतं.

सबसिडीचं काय? २०२५ पर्यंत एक सोय होती. पाच वर्षांच्या अटीमुळे मेडिकेड न मिळणाऱ्या, रेषेच्या खालच्या उत्पन्नाच्या आप्रवाशांनाही सबसिडी मिळायची. भारतातल्या पेन्शनवर असलेले आई-बाबा स्वतःचा कर वेगळा भरून जवळजवळ फुकटात इन्शुरन्स घ्यायचे. १ जानेवारी २०२६ पासून ती सोय बंद. आता दोघांचं मिळून उत्पन्न निदान २१,१५० डॉलर असेल तरच सबसिडी. इतकी पेन्शन सदाशिव पेठेत किती घरांत येते ते तुम्हीच बघा. मुलाने त्यांना स्वतःच्या करात अवलंबून म्हणून दाखवलं तर हिशेब मुलाच्या घराच्या उत्पन्नावर होतो. मुलगा, सून, नातू आणि आजी-आजोबा, पाच जणांच्या घराची चौपट म्हणजे १,५०,६००. दोघं आयटीत असतील तर कडेच्या बाहेर. मग दोघा ज्येष्ठांचा पूर्ण हप्ता, तोही वयाच्या तिप्पट पट्टीने. ग्रीन कार्डचा अर्ज करण्याआधी हा आकडा संकेतस्थळावर टाकून बघा. नंतर कळलं तर दुखतं.

एच-वन-बी, एल-वन, एच-फोर, विद्यार्थी व्हिसा: २०२६ मध्ये यांना इतर अटींत बसल्यास सबसिडी मिळते. १ जानेवारी २०२७ पासून मिळणार नाही. त्यानंतर ती नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना आणि आणखी दोन-तीन ठरावीक गटांना. प्लॅन विकत घेता येईल, पण पूर्ण किमतीला. लेऑफ झालेल्या एच-वन-बीवाल्याने तेव्हा कोब्राची किंमत बाजूला ठेवून तुलना करावी. कोब्रा म्हणजे जुन्या कंपनीचाच प्लॅन, पूर्ण किमतीच्या १०२ टक्क्यांना. ते घ्यायचं की नाही हे ठरवायला साठ दिवस मिळतात आणि घेतलं तर मागच्या तारखेपासून लागू होतं.

तारखा आणि फॉर्म

नोंदणी १ नोव्हेंबरला उघडते. २०२६ च्या प्लॅनसाठी हेल्थकेअर डॉट गव्हवर १५ जानेवारीपर्यंत, कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत ३१ जानेवारीपर्यंत मुदत होती. २०२७ च्या प्लॅनपासून मुदत आखडली आहे: केंद्राच्या संकेतस्थळावर १५ डिसेंबर, राज्यांच्या संकेतस्थळांवर फार तर ३१ डिसेंबर. नाताळच्या सुट्टीत भारतात जाणाऱ्यांनी तिकीट काढायच्या आधी हे उरकावं. नोकरी गेली, लग्न झालं, मूल झालं, राज्य बदललं तर मध्येच साठ दिवस मिळतात.

बसताना हाताशी ठेवा: सगळ्यांचे सोशल सिक्युरिटी नंबर, ग्रीन कार्ड किंवा व्हिसाचे कागद, मागच्या वर्षीचा कर, आणि डॉक्टरांची व औषधांची यादी. लॉगिन न करताही पिन कोड, वय आणि उत्पन्न टाकून भाव बघता येतो. आधी तेच करा. यादी सिल्व्हरवर गाळा, हप्त्याप्रमाणे लावा, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवा. तो तुमचा बेंचमार्क. मग उत्पन्नाचा आकडा हजार-हजारने वर-खाली करून सबसिडी कशी हलते ते बघा. पाच मिनिटं हा खेळ खेळलात की वर लिहिलेलं सगळं बोटांना कळतं.

डॉक्टर नेटवर्कमध्ये आहे का, हे संकेतस्थळावर बघून भागत नाही. दवाखान्यात फोन करून प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखवा. "आम्ही अमुक कंपनी घेतो" हे उत्तर पुरेसं नाही; त्याच कंपनीचे एका गावात चार नेटवर्क असतात.

प्लॅन निवडला म्हणजे इन्शुरन्स सुरू झाला असं नाही. पहिला हप्ता कंपनीकडे पोचेपर्यंत तो कागदावरच असतो, आणि त्याचं बिल कधी कधी वेगळ्या ईमेलने येतं, जाहिरातींच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. पुढे एखादा हप्ता चुकला तर सबसिडीवाल्यांना तीन महिन्यांची सवड असते, मात्र पहिल्या महिन्यानंतरची बिलं कंपनी अडवून ठेवू शकते.

जानेवारीच्या अखेरीस मार्केटप्लेसकडून १०९५-ए नावाचा फॉर्म येतो. त्यात दरमहा बेंचमार्क किती होता आणि सरकारने किती भरलं ते लिहिलेलं असतं. तो घेऊनच करासोबतचा ८९६२ हा सबसिडीच्या हिशेबाचा फॉर्म भरायचा. टपालाने आला नाही तर खात्यात लॉगिन करून उतरवून घ्या, आणि तो हातात येईपर्यंत कर भरू नका.